पितळ तर उघडंच असतं

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गानं शिरपूरच्या दिशेनं निघालं, की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागतं. वर टेकडीवर जुना किल्ला, खाली गाव, आणि गावाची ओळख तांब्या-पितळेची भांडी. हंडे, घागरी, तपेली, समया, लोटे. स्टील आणि प्लास्टिक आल्यावर हा धंदा बराच आटला. तरी खानदेशातल्या जुन्या घरात मांडणीवरचा पितळी डबा कुठला म्हणून विचारलं, तर ‘सोनगीरचा’ हे उत्तर अजून मिळतं.

अशा गावात कुणाची लबाडी बाहेर आली की लोक म्हणतात, त्याचं पितळ उघडं पडलं. जावाजावांत कुरबूर झाली की घरातलं मोठं माणूस म्हणतं, भांड्याला भांडं लागायचंच. सांगून उपयोग नसला, की पालथ्या घड्यावर पाणी. ही वाक्यं लहान मुलांना कुणी समोर बसवून शिकवत नाही. मुलं ऐकतात, बोलणाऱ्याचा चेहरा बघतात, चारदोनदा चुकतात आणि एक दिवस स्वतःच तसं बोलू लागतात.

आता याच गावातल्या एखाद्या घरात आठ वर्षांचा मुलगा आहे असं धरू. तो स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, आहे. बोलतो, वाचतो, घरच्या दुकानातल्या हरेक हंड्याचं वजन त्याला पाठ आहे. ओट्यावर कुणाचं तरी पितळ उघडं पडल्याची चर्चा चाललेली असते आणि हा मध्येच म्हणतो, ‘पितळ तर उघडंच असतं.’ त्याचं म्हणणं खरं आहे. त्याच्या जगात पितळ दुकानाबाहेर टांगलेलं असतं, चिंच लावून लखलखीत घासलेलं असतं, त्यात लपवण्यासारखं काही नसतं. मोठी माणसं हसतात. आपलं काहीतरी चुकलं एवढं त्याला त्या हसण्यावरून कळतं. काय चुकलं ते कुणी सांगत नाही.

हा मुलगा मी उदाहरणासाठी उभा केला आहे. पण स्वमग्न मुलांच्या घरांत आणि वर्गांत असे प्रसंग नेहमीचे आहेत, आणि अभ्यासक गेली ऐंशी वर्षं त्यांवर विचार करत आले आहेत. त्यातलं आपल्या पालकांपर्यंत आणि शिक्षकांपर्यंत पोचलं ते एवढंच, की ‘या मुलांना अलंकारिक भाषा कळत नाही.’ हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं पोचलं नाही, म्हणून मुलाशी कसं बोलायचं हा प्रश्न सुटायच्या आधीच सोडून दिला जातो. मला इथे त्या उरलेल्या अर्ध्याबद्दल लिहायचं आहे.

*

लिओ कॅनर हे बालमानसोपचारतज्ज्ञ अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात काम करत. १९४३ साली त्यांनी अकरा मुलांविषयी एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. स्वमग्नतेचं आजचं वैद्यकीय वर्णन त्या निबंधापासून सुरू होतं. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड. त्याला ‘हो’ म्हणायला शिकवण्यासाठी वडिलांनी सांगितलं, की हो म्हणालास तर तुला खांद्यावर घेईन. डोनाल्ड ‘हो’ शिकला, पण त्याच्यासाठी त्या शब्दाचा अर्थ ‘मला खांद्यावर घ्या’ एवढाच झाला. ‘हो’ हा शब्द खांद्यावरून खाली उतरायला कित्येक महिने गेले. दुसऱ्या एका मुलाचे वडील घरातल्या भिंतीवरच्या तसबिरींविषयी काही बोलले, तर मुलगा अस्वस्थ झाला. तसबिरी भिंतीवर नाहीत, भिंतीजवळ आहेत, असं त्याचं म्हणणं. ‘वर’ म्हणजे डोक्यावर, माथ्यावर. भिंतीच्या माथ्यावर तर तसबीर नव्हती.

या नोंदी वाचताना मला त्या मुलांचा काटेकोरपणा आधी दिसतो आणि अडचण नंतर दिसते. शब्द ज्या प्रसंगात पहिल्यांदा भेटला, त्या प्रसंगाशी तो घट्ट बांधला गेला. आपण बाकीचे एकच शब्द दहा जागी सैलसर वापरतो आणि तसं वापरतो आहोत हे आपल्याला जाणवतही नाही.

पुढची चाळीस वर्षं ही निरीक्षणं निरीक्षणंच राहिली. १९८५ साली लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी दोन बाहुल्यांचा एक साधा प्रयोग केला. एक बाहुली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. तेवढ्यात दुसरी ती गोटी काढून खोक्यात ठेवते. पहिली परत आली की गोटी कुठे शोधेल? ती टोपलीतच शोधणार, कारण गोटी हलवल्याचं तिला माहीत नाही. २० स्वमग्न मुलांपैकी १६ जणांनी खोक्याकडे बोट दाखवलं, म्हणजे गोटी खरोखर जिथे होती तिथे. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, हे ओळखायला या मुलांना जड जातं असा निष्कर्ष त्यातून निघाला.

१९९३ साली फ्रान्सेस्का हॅपे यांनी हा धागा थेट भाषेशी जोडला. त्यांची मांडणी आपल्या बोलण्यात आणून बघू. ‘मामा बैलासारखा राबतो’ ही उपमा झाली. ‘सारखा’ हा शब्दच सांगतो की इथे तुलना चालली आहे. ‘मामा म्हणजे बैल’ हे रूपक. इथे बोलणाऱ्याला काय म्हणायचं आहे ते ओळखावं लागतं, कारण मामाला शिंगं नाहीत हे दोघांनाही माहीत आहे. आणि दुपारी बारा वाजता अंथरुणातून उठणाऱ्या मामाला ‘काय बाई राबतोस!’ म्हटलं तर तो उपरोध. तिथे बोलणाऱ्याचं मत आणि ते मत त्यानं कशा मिषानं सांगितलं, अशा दोन पायऱ्या उतराव्या लागतात. हॅपेंच्या प्रयोगात, बाहुल्यांसारख्या चाचण्या ज्यांना जमल्या नाहीत अशी स्वमग्न मुलं उपमेपर्यंत पोचली आणि रूपकाशी अडली. पहिली पायरी जमलेल्यांना रूपक जमलं. उपरोधासाठी दुसरी पायरी लागली.

मांडणी इतकी सुबक होती की ती पाठ्यपुस्तकांत गेली आणि तिथेच थांबली. स्वमग्न मुलाला दुसऱ्याचं मन वाचता येत नाही, म्हणून त्याला रूपक कळत नाही, संपलं. पण ते तिथे संपलं नव्हतं. २००५ साली कोर्टनी नॉरबरी यांनी स्वमग्न मुलांबरोबर अशीही मुलं तपासली, ज्यांना स्वमग्नता नव्हती पण ज्यांची भाषाच कच्ची होती. त्यांनाही रूपकं अवघड गेली. आणि कोणत्या मुलाला रूपक कळेल याचा अंदाज बाहुल्यांच्या चाचणीवरून जेवढा बांधता आला, त्यापेक्षा चांगला अंदाज त्याला शब्दांचे अर्थ किती खोलवर माहीत आहेत यावरून आला. २०१८ साली तामार कालान्दाद्झे यांनी नॉरबरी आणि इतर सहकाऱ्यांसह तोवरचे ४१ अभ्यास एकत्र करून पाहिले. सरसकट तुलनेत स्वमग्न मुलं मागे होती. पण भाषेची तयारी सारखी असलेली मुलं समोरासमोर ठेवली, तेव्हा फरक इतका लहान उरला की त्याला फरक म्हणणं कठीण. शिवाय उपरोधापेक्षा रूपकातच तफावत जास्त दिसली. हॅपेंच्या पायऱ्यांशी हे जुळत नाही.

घरातल्या माणसांसाठी याचा अर्थ फार मोठा आहे. मन वाचण्याची शक्ती मुलाला आणून देता येत नाही. शब्द देता येतात.

*

आपल्या सोनगीरच्या मुलाकडे परत येऊ. त्याला अलंकारिक भाषा कळत नाही असं म्हणताना आपण तो दुकानात काय बोलतो ते ऐकलेलं नसतं. तो हंड्याचं पोट म्हणतो, घागरीचा गळा म्हणतो, कढईचे कान म्हणतो, तपेल्याचं बूड म्हणतो. माणसाच्या अंगाचे अवयव भांड्याला लावणं हे रूपकच आहे, फक्त फार जुनं आणि घासून गुळगुळीत झालेलं. कढईला कान आहेत तर तिला ऐकू येतं का, असं तो कधी विचारत नाही. कारण कढई समोर आहे, कान हाताला लागतात, शब्द प्रत्येक वेळी त्याच वस्तूला लागतो आणि घरातला प्रत्येक माणूस तोच शब्द वापरतो.

‘पितळ उघडं पडलं’ यात यातलं काहीच नाही. समोर पितळ नाही. ज्याचं पडलं तो माणूस तिथे नाही. सोन्याचा मुलामा दिलेला खोटा दागिना, वापरून वापरून वरचा थर उडालेला, ही मूळ गोष्ट कुणी सांगितलेली नाही. वाक्प्रचारांचं वेगळेपण हेच आहे. काहींचा धागा हाताला लागतो: भांड्याला भांडं लागलं की आवाज होतो, माणसाला माणूस लागलं की आवाज होतो. काहींचा धागा तुटलेलाच असतो. ‘कानाला खडा लावला’ यातून पुन्हा तसं न करण्याचा निश्चय कसा निघतो, हे वापरणाऱ्या दहांतल्या आठांना सांगता येणार नाही. आपण ते ऐकून पाठ केलेलं असतं. नॉरबरींनी २००४ साली वाक्प्रचार नुसते सुटे विचारले आणि मग गोष्टीत गुंफून विचारले. गोष्टीत आल्यावर सगळ्याच मुलांना ते जास्त कळले, स्वमग्न मुलांनाही. ज्यांची भाषा कच्ची होती त्यांना गोष्टीचा आधार तेवढा घेता आला नाही.

*

या विषयातलं माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं लिखाण फार कमी जणांनी वाचलेलं असतं. तेही कॅनर यांचंच, १९४६ सालचं. त्यात पॉल नावाच्या मुलाची नोंद आहे. पाच वर्षांचा पॉल दवाखान्यात एकदम म्हणतो, कुत्र्याला सज्जातून खाली टाकू नकोस. तिथे ना कुत्रा, ना सज्जा. ऐकणाऱ्याला वाटावं, मूल अर्थहीन बडबडतं आहे. कॅनर यांनी आईला विचारलं. तीन वर्षांपूर्वी लंडनच्या एका हॉटेलात पॉल आपला खेळण्यातला कुत्रा सज्जातून सारखा खाली टाकत होता. तो आणून देऊन थकलेली आई त्राग्यानं ते वाक्य बोलली होती. तेव्हापासून काहीही फेकायची ऊर्मी आली की पॉल त्या वाक्यानं स्वतःला आवरत होता.

दुसरी नोंद सोनगीरमध्ये सांगावी अशीच आहे. आई छोट्या पॉलला पीटर नावाच्या माणसाचं एक बडबडगीत म्हणून दाखवत असे. एकदा स्वयंपाकघरात काम करताना तिच्या हातून पातेलं पडलं. त्या दिवसानंतर पातेल्यासारखं काहीही दिसलं की पॉल त्या गाण्यातले पीटरचे शब्द म्हणू लागला. त्याच्यासाठी ते पातेल्याचं नाव झालं.

कॅनर यांचा निष्कर्ष असा, की ही भाषा निरर्थक नाही, ती रूपकांची भाषा आहे. एका गोष्टीचं नाव दुसरीला देणं ही कवीचीही रीत आहे आणि रोजच्या बोलण्याचीही. फरक एवढाच की कवीचं रूपक ऐकणाऱ्याला उकलता येतं, आणि या मुलाचं रूपक ज्या प्रसंगातून आलं त्या प्रसंगाला फक्त तो आणि त्याची आई साक्षी असतात. ऐकणाऱ्यानं कष्ट घेऊन मूळ शोधलं तरच अर्थ लागतो.

हे वाचल्यावर प्रश्न उलटा होतो. स्वमग्न मुलांना आपली रूपकं कळत नाहीत हे आपण मोजलं. त्यांची रूपकं आपल्याला कळत नाहीत हे कुणी मोजलं? २०१४ साली इस्रायलमधल्या अनात कासिरर आणि निरा माशाल यांनी स्वमग्न प्रौढांना नवी रूपकं रचायला सांगितली, तेव्हा इतरांपेक्षा त्यांची रूपकं जास्त नवीन, जास्त अनपेक्षित निघाली. ब्रिटनमधले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः स्वमग्न आहेत. २०१२ साली त्यांनी मांडलं, की न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंनी असते. आपण ती एकाच बाजूच्या नावावर लिहितो, एवढंच.

घरात असं काही ऐकू आलं तर त्याला ‘उगाच काहीतरी बोलतो’ म्हणून सोडू नये. मुलगा दर पावसात ‘चुलतभावाची सायकल’ म्हणत असेल, तर कधीतरी पावसात त्या सायकलचं काही झालेलं असणार. आईला, आजीला, मोठ्या बहिणीला ते आठवू शकतं. एका वहीत अशी वाक्यं आणि त्यांचे सापडलेले प्रसंग लिहून ठेवले, तर वर्षभरात त्या घराकडे त्या मुलाचा स्वतःचा शब्दकोश तयार होतो. शाळेतल्या बाईंना तो वाचायला द्यावा.

*

आपण मुलांशी ज्या रीतीनं बोलतो त्यात तीन जागा मला विशेष काळजीच्या वाटतात. संशोधनात त्यांची चर्चा कमी आहे, घरात त्या रोजच्या आहेत.

पहिली जागा धमकीची. ‘तंगडं मोडून हातात देईन.’ ‘पोलीस पोत्यात घालून नेतील.’ ‘थांब, संध्याकाळी बघतो तुला.’ दुसरं मूल आवाजाची धार बघून ठरवतं की पळायचं की हसायचं. स्वमग्न मूल वाक्य ऐकतं. त्याला संध्याकाळची वाट बघत बसावं लागतं, आणि संध्याकाळी काहीच झालं नाही तरी धास्ती जात नाही, कारण ते कधी होणार हे कुणी सांगितलेलं नसतं. याच घरात थकलेली आई कपाळाला हात लावून म्हणते, ‘जीव घेशील माझा एक दिवस.’ ती प्रेमानंच म्हणते. मूल मात्र आपण आईला मारणार आहोत ही बातमी घेऊन झोपायला जातं. त्या रात्री ते का झोपत नाही, हे कुणालाच उमगत नाही. दवाखान्यात सुई टोचताना ‘मुंगी चावल्यासारखं होईल’ म्हणणाऱ्या नर्सबाईंचा हेतू चांगलाच असतो, पण ज्या मुलाला मुंग्यांची भीती आहे ते मूल सुई विसरून बाहीत मुंगी शोधू लागतं. ‘टोचेल. तीन म्हणेपर्यंत दुखेल. मग थांबेल.’ एवढं पुरतं.

दुसरी जागा आडून सांगण्याची. ‘पाणी आहे का रे घरात?’ असं पाहुणे विचारतात, मुलगा ‘आहे’ म्हणतो आणि जागचा हलत नाही. त्याला उद्धट ठरवलं जातं. त्यानं प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलेलं असतं. ‘पाणी आण’ असं कुणी म्हटलंच नव्हतं. इथे फार बिघडत नाही, सुधारणं सोपं आहे, म्हणून यावर जास्त लिहीत नाही.

तिसरी जागा मरणाची. आपल्याकडे माणूस मरत नाही. देवाघरी जातो, देवाला आवडतो, आपल्याला सोडून जातो, तारा होतो. या शब्दांमागे शतकांची माया आहे आणि मोठ्यांना त्यांचा आधार असतो. पण स्वमग्न मुलाला आजी देवाघरी गेली असं सांगितलं, तर ते विचारतं, देवाचं घर कुठे आहे, एसटी किती वाजता आहे, आजी परत कधी येणार. उत्तर मिळालं नाही तर ते रोज विचारतं. दहाव्याला विचारतं, तेराव्याला विचारतं, वर्षश्राद्धाला विचारतं. नातेवाइकांना वाटतं, याला दुःखच झालेलं नाही. देवाला आवडली म्हटलं, तर आई देवपूजा करताना ते घाबरतं, कारण देवाला आता आई आवडली तर? सोडून गेली म्हटलं, तर आजी रागावून गेली आणि ते आपल्यामुळेच, असा अर्थ सरळ निघतो.

अशा वेळी साधे शब्द वापरायला आपली जीभ अडते. पण या मुलाशी तेच बोलावं लागतं. ‘आजी मेली. तिचं हृदय थांबलं. आता तिला दुखत नाही, भूक लागत नाही. ती परत येणार नाही. यात तुझी काही चूक नाही. आम्ही रडतो आहोत, कारण तिची आठवण येते.’ हे कठोर नाही. जिथे कुणालाच काही कळत नसतं, तिथे या वाक्यांमुळे मुलाच्या पायाखाली जमीन येते. मग घरातली माणसं ‘देवाघरी गेली’ म्हणत राहिली तरी चालतं, फक्त एकदा सांगावं, की लोक देवाघरी गेली म्हणतात तेव्हा त्यांना मेली असं म्हणायचं असतं.

*

सोनगीरच्या मुलापुढे आणखी एक गोष्ट आहे, जी लंडन-बाल्टिमोरच्या मुलांपुढे नव्हती. त्याच्या घरात अहिराणी आहे आणि शाळेत पुस्तकी मराठी. आजी म्हणते, ‘मन्हं डोकं नको खाऊ.’ बाई म्हणतात, ‘माझं डोकं खाऊ नकोस.’ तुमच्या-माझ्या कानाला हे एकच आहे. जो मुलगा शब्द त्याच्या पहिल्या प्रसंगाशी बांधून ठेवतो, त्याच्यासाठी ही दोन वाक्यं दोन ठिकाणची आहेत. एक कळलं म्हणून दुसरं कळेलच असं नाही.

अशा घरांना एक सल्ला वारंवार मिळतो. मुलाचा गोंधळ होतो आहे, घरात एकच भाषा ठेवा, अहिराणी बंद करा. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण त्याला संशोधनाचा आधार नाही. दोन भाषांत वाढणाऱ्या स्वमग्न मुलांवर गेल्या पंधरावीस वर्षांत बरेच अभ्यास झाले. दोन भाषांमुळे त्यांची भाषा मागे पडते असं त्यांत दिसलेलं नाही. उलट घरची भाषा बंद केली तर काय होतं ते खानदेशात राहणाऱ्या कुणालाही कळेल. आजीला पुस्तकी मराठी जमत नाही. ती नातवाशी दोन वाक्यं चाचरत बोलते आणि मग बोलायचंच सोडते. ज्या मुलाशी घरात सर्वांत जास्त बोलणारं माणूस आजी होती, त्याच्या वाट्याचं बोलणंच आटतं. आणि वर आपण पाहिलंच, की रूपकाचा रस्ता भरपूर शब्दांतून जातो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की अहिराणी राहू द्यावी. फक्त दोन्ही वाक्यं एकाशेजारी एक ठेवून दाखवावीत: आजी असं म्हणते, बाई तसं म्हणतात, दोघींना म्हणायचं आहे की थोडा वेळ गप्प बस.

*

हे शिकवता येतं का? येतं. २०१३ साली एलिझाबेथ व्हाईट आणि सहकाऱ्यांनी दोन आठवड्यांच्या उन्हाळी शिबिरात ७ ते १२ वर्षांच्या दहा स्वमग्न मुलांना वाक्प्रचार शिकवले, आणि शिकवलेले वाक्प्रचार त्यांना आले. माशाल आणि कासिरर यांनी कागदावर दोन गोष्टींच्या गुणांचे नकाशे काढून, कोणता गुण दोन्हींत आहे ते शोधायला लावून रूपकं शिकवली. यात जादू काही नाही. जे इतर मुलं हवेतून उचलतात ते इथे उघड करून सांगितलं जातं.

आपल्याकडे या कामासाठी फार चांगली सामग्री आहे. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) जळगावजवळच्या असोद्याच्या. १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपानं आली आणि आज खानदेशातलं प्रत्येक मूल शाळेत त्यांना भेटतं. बहिणाबाईंची उपमा चुलीपासून, जात्यापासून, सुगरणीच्या घरट्यापासून निघते आणि तिथेच घुटमळत राहते. वस्तू आधी नीट दाखवली जाते, मग तिच्यातून संसार दिसतो. घाईनं अर्थ सांगून टाकण्याऐवजी वर्गात खरंच सुगरणीचं घरटं आणावं, हातात द्यावं, विणलेलं बोटांनी उलगडू द्यावं आणि मग कविता वाचावी. ‘सारखं’ हा शब्द या मुलांना पायरीसारखा उपयोगी पडतो हे हॅपेंच्या प्रयोगात दिसलंच होतं.

कोडी तर त्याहून बरी. कोड्यात फसवणूक आधीच जाहीर केलेली असते. मी म्हणतो त्याचा अर्थ तसा नाही, तू ओळख, असा करार असतो. ‘रोज मार खातो, तरी गोल होतो, पोटात पाणी घेऊन बसतो.’ तांब्याचा हंडा. मुलाला मार खाणं आणि हातोड्याचे घाव हे शेजारी ठेवून बघता येतं. एक कोडं सुटलं की ते त्याच्याशी दहा प्रकारे खेळावं, मग त्याला स्वतःला कोडं रचायला सांगावं. त्याचं कोडं कुणालाच सुटलं नाही तर ते वाईट कोडं समजू नये.

परीक्षेची गोष्ट निराळी. ‘वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न कित्येक स्वमग्न मुलं पैकीच्या पैकी गुण घेऊन सोडवू शकतात, कारण पाठांतर त्यांचं बळ असतं. शिक्षक म्हणतात, याला येतंय की. पण कागदावर अर्थ लिहिणारा मुलगा मधल्या सुट्टीत मित्रानं तेच म्हटल्यावर थबकतो. म्हणून विचारायचं तर असं विचारावं: हे वाक्य कोण कुणाला म्हणेल? रागानं की लाडानं? परक्या माणसाला म्हणशील का?

*

सोनगीरच्या पालकांना आधार मिळायची वाट अंगणवाडीतून सुरू होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन मुलं तपासतात. त्यांच्या यादीत वाढीतले विलंब आहेत आणि स्वमग्नताही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्वमग्नतेला जागा दिली. त्याच वर्षी दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ‘आयसा’ ही ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी अधिकृत झाली, आणि बोलण्यामागचा खरा अर्थ न पकडता येणं हा त्या चाळिसांतला एक मुद्दा आहे. दहावी-बारावीला जास्तीचा वेळ आणि लेखनिक मिळतो. कागदावर हे पुष्कळ आहे. पण नियमित भाषोपचाराचं काय? वांद्र्याची अली यावर जंग वाक्-श्रवण संस्था किंवा २००१ पासून मुंबईत काम करणारं ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्र सोनगीरहून तीनशे किलोमीटरच्याही पलीकडे आहे. दर आठवड्याला तिथे जाणं मजुरी करणाऱ्या घराला अशक्य आहे. म्हणून घर आणि शाळा यांच्यावरच भार येतो, आणि म्हणूनच वर एवढं घरातलं लिहिलं.

एक सावधानता इथे सांगितली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालाविषयीच्या अंदाजानुसार जगात साधारण १२७ माणसांमागे एक जण स्वमग्न असतो, आणि त्यांतली अनेक मुलं बोलतच नाहीत किंवा मोजके शब्द बोलतात. त्यांच्या घरी वाक्प्रचार हा पुढचा प्रश्न आहे. आधी पाणी हवं, दुखतंय, नको, एवढं सांगायला चित्रांची कार्डं, खुणा, टॅब, जे जमेल ते साधन मुलाच्या हातात यायला हवं. बोलत नाही म्हणजे त्याला समजत नाही असं धरून त्याच्यासमोर त्याच्याविषयी वाटेल ते बोलणं, हे मात्र आजच्या आज थांबवता येतं.

आपला आठ वर्षांचा मुलगा मोठा होईल. कदाचित शिकून बाहेर पडेल, कदाचित घरच्या भट्टीवर बसेल. तांब्याचं काम शिकवताना कारागीर म्हणतो, ‘हात हलका ठेव.’ मुलगा विचारेल, किती हलका? हे विचारणारा शिकाऊ कारागिराला चिडवतो आहे असं वाटू शकतं. तो चिडवत नाही. हातोडा किती उंच उचलायचा, पत्र्यावर कुठे पडू द्यायचा, घावाचा आवाज कसा आला की बरोबर, हे त्याला दाखवावं. तीन वेळा दाखवावं, त्याच्याकडून तीन वेळा करून घ्यावं, आणि मग सांगावं, याला आम्ही हलका हात म्हणतो.